जुनी शिडाची बोट घेण्याआधी काय काय तपासावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरात मुंबईच्या बंदरात बोटी पुन्हा पाण्यात उतरू लागल्या की माझा फोन सुरू होतो. "एक सव्वीस फुटी बघितली, स्वस्तात देतोय, घेऊ का?" प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. हे सगळं साधारण २० ते ४० फुटांच्या, १९७० ते २००० च्या दरम्यान बांधलेल्या फायबरच्या बोटींबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या बोटीत पाणी कुठून आत आलं आणि कुठे मुरलं, एवढं शोधता आलं की निम्मी तपासणी झाली. बोटीभोवतालच्या खाऱ्या पाण्याइतकंच वरून पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचं भय बाळगा.

१. चाळीस वर्षांची बोट घेणं हाच वेडेपणा नाही का?

नाही. नीट बांधलेला फायबरचा हल, म्हणजे बोटीचं मुख्य कवच, चाळीस वर्षांत म्हातारा होत नाही. गोल्डन ग्लोब रेस ही एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत. तिच्यात १९८८ च्या आधीच्या डिझाइनच्या, लांब कीलच्या (तळाखालच्या जड कण्याच्या) बोटीच चालतात. २०२२ च्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी 'बायानत' नावाच्या रसलर ३६ बोटीवर होते आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

पण हल टिकतो म्हणून बोट टिकते असं नाही. मास्ट (डोलकाठी) धरून ठेवणाऱ्या तारा, शिडं, वायरिंग, इंजिन, हलमधून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या पाण्याखालच्या तोट्या या प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. त्यामुळे "बोट कितव्या सालची?" एवढं विचारून थांबू नका. "तारा कितव्या सालच्या? तोट्या कधी बदलल्या?" असं विचारत जा. विकणाऱ्याला यातलं काहीच सांगता आलं नाही, तर सगळं मूळचंच आहे असं धरून हिशोब करा.

२. बोट बघायला कोणत्या दिवसांत जावं?

पावसात. आपल्याकडे बहुतेक छोट्या बोटी मे अखेरीस बाहेर काढून यार्डात ठेवतात आणि पाऊस संपल्यावर परत पाण्यात सोडतात. बोट जमिनीवर असते तेव्हा तिचा तळ, कील आणि सुकाणू उघडं दिसतं. त्यात चार दिवस पाऊस लागून राहिलेला असेल तर ती कुठे गळते तेही दिसतं. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डेकची अशी परीक्षा आपल्याला फुकट मिळते.

विकणारे मात्र बोट दाखवतात फेब्रुवारीत, पॉलिश मारून, गादीवर नवी चादर घालून. तेव्हा आवडली तर जरूर आवडू द्या, पण सौदा पक्का करण्याआधी एकदा ती बाहेर काढून बघायची अट घाला. हे शक्यच नसेल तर निदान डेकवर पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बसा.

३. सोबत काय काय न्यावं?

चांगला टॉर्च, प्लॅस्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी, काठीला बांधलेला आरसा, स्क्रू-ड्रायव्हर, पांढरं सुती फडकं आणि मळले तरी चालतील असे कपडे. गुडघ्यांवर आणि पोटावर सरपटावं लागतं. ज्या कोपऱ्यात जायला जिवावर येतं, तिथे आधीचा मालकही गेलेला नसतो.

४. "डेक सॉफ्ट आहे" असं म्हणतात, म्हणजे नक्की काय झालेलं असतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात तेही इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक फायबर बोटींचा डेक एकसंध नसतो. वर फायबरचा पातळ थर, खाली तसाच दुसरा आणि मधे बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम. कोरडा असेपर्यंत हा प्रकार हलका, ताठ आणि उत्तम. पण विंच (दोर ओढायचं चक्र), क्लीट (दोर बांधायचा खुंटा), स्टँशन (कठड्याचे खांब), हॅच (झाकणाचं दार) बसवायला डेकला भोकं पाडावी लागतात. त्यातलं सीलंट दहा-पंधरा वर्षांत सुकून सुटतं आणि पावसाचं पाणी स्क्रूच्या कडेने मधल्या लाकडात उतरतं. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं. खाऱ्या पाण्यात ते त्यामानाने तगतं, म्हणूनच जुने खलाशी लाकडी डेक समुद्राच्या पाण्याने धूत. वरून बोट चकचकीत दिसते आणि आत बाल्साचा भुसा झालेला असतो.

आपण बाजारात मडकं वाजवून घेतो ना, तसाच डेक वाजवून घ्यायचा. हातोडीने वीतभर अंतरावर हलके ठोके देत जा. निरोगी जागी 'टक्' असा कोरडा, नेमका आवाज येतो. कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी 'बद्द' येतो. दहा मिनिटांत कान तयार होतो. मग अनवाणी चाला. कॉकपिटची (बसून बोट चालवायच्या खोलगट जागेची) जमीन, मास्टभोवतीचा भाग, पुढचं हॅच आणि स्टँशनच्या बुडाजवळ जास्त वेळ द्या. पायाखाली किंचित दबलं, कुठून करकर आली किंवा स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी डोकावलं, की खडूने त्या जागेभोवती गोल काढा.

मग सगळे गोल एकत्र बघा. तळहाताएवढे दोन-तीन असतील तर ते काम दोन शनिवार-रविवारचं आहे: वरचा थर कापायचा, कुजलेलं काढायचं, नवीन बाल्सा किंवा फोम इपॉक्सीत बसवायचा. गोल एकमेकांना भिडले असतील, विशेषतः मास्टच्या बुडाशी, तर किंमत कितीही कमी असली तरी मी मागे फिरतो.

काही बोटींत हलमध्येही असा गाभा असतो. मुंबईत दिसणारी जे/२४ हे ओळखीचं उदाहरण. १९७७ पासून बनत आलेल्या या बोटीच्या डेकमध्ये आणि हलमध्येही बाल्सा आहे. अशा बोटीत पाण्याच्या रेषेखालचं प्रत्येक भोक तितक्याच काळजीने तपासा.

५. तळाला फोड आलेत. ऑस्मॉसिस झालं म्हणजे बोट संपली का?

बहुतेक वेळा नाही. पाणी जेलकोटमधून (हलच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून) हळूहळू आत झिरपतं, तिथल्या रसायनांत मिसळून आम्लारी द्रव बनतं आणि त्याच्या दाबाने फोड येतो. एखादा फोडून बघा (चष्मा घालून, द्रव जोरात उडतो). व्हिनेगरसारखा वास आला तर ऑस्मॉसिस. नुसतंच पाणी निघालं तर कदाचित रंगाच्या थरातलाच फोड असेल.

दहा-वीस फोड ही सौदा करण्याची गोष्ट आहे, पळून जाण्याची नाही. ऑस्मॉसिसने बुडालेली बोट मी पाहिलेली नाही. संपूर्ण तळ पुरळासारखा उठला असेल तर मात्र जेलकोट सोलणं, महिनोन्‌महिने सुकवणं आणि इपॉक्सीचे थर चढवणं आलं, आणि आपल्या दमट हवेत ते सुकवणंच सर्वांत अवघड.

६. मग मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावून एकदाच सोक्षमोक्ष लावावा का?

बोट कालच पाण्याबाहेर आली असेल किंवा हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर मीटर सगळीकडेच ओलं दाखवणार. आकड्यापेक्षा फरक बघा. एकाच दिवशी, एकाच बोटीवर, एका जागी खूप जास्त आणि हातभर अंतरावर कमी दाखवत असेल तर तिथे काहीतरी आहे. त्या जागेवर हातोडी वाजवा (प्रश्न ४).

७. कील आणि हलच्या सांध्यात आडवी भेग दिसते. विकणारा म्हणतो, सगळ्याच बोटींना असते. खरं आहे?

अर्धं खरं. बोल्टने जोडलेल्या कीलच्या पुढच्या टोकाशी केसासारखी भेग पुष्कळ बोटींना दिसते. फिलर तडकलेलं असतं, सांधा नव्याने भरला की भागतं. पण त्या भेगेतून गंजाचं पाणी ओघळत असेल, भेग सांध्यावर सगळीकडे फिरलेली असेल, किंवा बोट क्रेनला टांगल्यावर ती रुंदावत असेल, तर बोल्ट काढून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता आत जा. फळ्या उचला आणि बोल्टच्या नटांभोवती बघा. त्याहून महत्त्वाचा भाग कीलच्या मागच्या टोकाच्या वर असतो. बोट खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर आपटली की कीलचा पुढचा भाग खाली ओढला जातो आणि मागचं टोक हलमध्ये वर दाबलं जातं. तिथल्या आडव्या फायबरच्या पट्ट्या हलपासून सुटतात. टॉर्च तिरका धरला की सुटलेल्या कडेची पांढुरकी रेघ दिसते. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतातच, त्यामुळे इकडे फिरलेली बोट कधीतरी टेकलेली असणार असं धरूनच चाला. किती जोरात टेकली, हा खरा प्रश्न.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' या बेनेटो फर्स्ट ४०.७ बोटीची कील अटलांटिकमध्ये सुटून पडली आणि चारही खलाशी गेले. आधी टेकल्याच्या घटना आणि त्यावरच्या दुरुस्त्या, आतल्या साच्याचा (तळाला ताठ ठेवणाऱ्या फायबरच्या चौकटीचा) हलशी सुटलेला जोड यांचा विचार ब्रिटिश सरकारी तपासात झाला. असा आतून चिकटवलेला साचा असलेल्या बोटीत जोड सुटलाय की नाही हे बाहेरून दिसत नाही. तिथेही ठोकून आवाज ऐकणं हाच पहिला उपाय.

लांब कीलमध्ये शिसं किंवा लोखंड आतच बंद असेल तर बोल्टचा प्रश्न नाही. पण आत पाणी शिरून लोखंड फुगलेलं नाही ना, ते कीलच्या बाजूंना आलेल्या उभ्या फुगवट्यावरून बघा.

८. मास्टच्या तारा चकचकीत आहेत. तरी बदलायच्या का?

स्टेनलेसची चकाकी काहीच सांगत नाही. बिल किंवा नोंद दाखवता आली नाही आणि तारा दहा-पंधरा वर्षांच्या असतील, तर बदलण्याचा खर्च बोटीच्या किमतीत धरा. आपल्या उष्ण, खारट हवेत मी पंधराची वाट बघत नाही. पांढरं फडकं प्रत्येक तारेवरून खालून वर ओढा. धागा अडकला तर तिथे एक पेड तुटलाय आणि त्या तारेचं आयुष्य संपलंय. तार ज्या दाबलेल्या टोकात शिरते तिथे भिंग लावून उभ्या बारीक चिरा शोधा. खालच्या टोकांत पाणी साचतं, म्हणून तिथे आधी.

आणि चेनप्लेट. तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या डेकमधून आत जातात. नेमक्या डेकच्या जाडीत पट्टी ओली राहते आणि तिला हवा मिळत नाही. स्टेनलेसला गंजापासून वाचायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे ती तिथेच आतून खाल्ली जाते. माझ्या पहिल्या बोटीच्या चेनप्लेट वर आरशासारख्या होत्या, खाली केबिनमध्येही स्वच्छ. फक्त डेकच्या खालच्या कडेला चहाच्या डागासारखा एक ओघळ होता. त्या ओघळामुळेच मी एक पट्टी काढायला लावली. मधल्या बोटभर भागात एका कडेने सुरू झालेली चीर निम्म्याच्या पुढे गेली होती. वाऱ्याच्या एका जोरदार झोतात मास्ट पाण्यात गेली असती. ती पट्टी मी अजून टेबलावर ठेवली आहे.

तुम्ही निदान एक तरी चेनप्लेट काढून दाखवायची अट घाला. ती ज्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने लावलेली असते, त्या भिंतीत स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक रुतलं तर पट्टी नवी घालूनही उपयोग नाही.

९. शिडं कशी ओळखावीत?

हातात घेऊन चुरगळा. नवं डॅक्रॉन (शिडाचं कापड) कडक असतं, कागदासारखं वाजतं. जुनं साडीसारखं लोळतं. शिवण नखाने खरवडा. धागा पिठासारखा तुटला तर उन्हाने खाल्लाय, पण नुसती शिवण पुन्हा घालता येते. कापडच अंगठ्यांनी फाटत असेल तर शिडाची किंमत शून्य धरा. 'आठ शिडं सोबत' या वाक्याला भुलू नका. चांगलं मेनसेल (मुख्य शीड) आणि एक जेनोआ (पुढचं मोठं शीड) पुरे.

१०. सुकाणूचं काय बघायचं? ते तर फिरतंय छान.

फिरणं ही अर्धीच परीक्षा. फायबरच्या दोन कवचांत फोम आणि मधे स्टेनलेसचा दांडा, त्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या, अशी बहुतेकांची रचना असते. दांड्याच्या कडेने पाणी आत जातं आणि चेनप्लेटसारखीच झीज होते (प्रश्न ८). बोट बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवसांनीही सुकाणूच्या खालून थेंब गळत असतील तर ते आतून भरलेलं आहे. एकाने टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) घट्ट धरायचा, दुसऱ्याने पातं हलवायचं. पातं हललं आणि टिलर नाही हलला, तर आतले वेल्ड सुटलेत. अशी बोट जागेवरूनसुद्धा हलवू नका. चाकाने वळवायची बोट असेल तर चाकाखालच्या केबल आणि पुलीही उघडून बघा.

११. पाण्याखालच्या तोट्या पितळी आहेत. चालतील?

ब्राँझ आणि पितळ बाहेरून सारखंच दिसतं. साध्या पितळेत जस्त भरपूर असतं. खाऱ्या पाण्यात ते विरघळून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. किंचित खरवडा. खालून गुलाबी रंग निघाला तर ती तोटी आज ना उद्या हातात येणार. युरोपात मोठ्या संख्येने बनलेल्या, १९९० च्या दशकाअखेरपासूनच्या बोटींत हे जास्त आढळतं, कारण तिथल्या मानकाने तोटीला जेमतेम पाच वर्षं टिकण्याची अट घातली होती. त्यामुळे इथे तुलनेने नवी बोट जुनीपेक्षा वाईट निघू शकते.

प्रत्येक तोटी स्वतःच्या हाताने बंद-चालू करा. जाम असलेली तोटी नसल्यातच जमा. पण पाण्यात असलेल्या बोटीवर जाम तोटीशी झटापट करू नका, ती तुटली तर बोट तिथेच बुडेल.

१२. इंजिन जुनं डिझेल आहे. मेकॅनिक नेण्याआधी मी स्वतः काय बघू?

तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. आधी हात लावून बघा. गरम असेल तर ते आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला कुरकुरतं. डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. सुरू केल्यावर मागे बघा: धुरासोबत पाणी खळाळत आलं पाहिजे. निळा धूर तेल जळण्याचा. काळा धूर ओझ्याचा, कोंडलेल्या हवेचा किंवा शिंपल्यांनी भरलेल्या, पाण्याखालच्या पंख्याचा. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा वाफ.

मग बोट धक्क्याला बांधलेली असतानाच नव्हे, तर खुल्या पाण्यात पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवा. तापमान चढत गेलं तर थंड पाण्याचे मार्ग किंवा एग्झॉस्टचा कोपरा क्षाराने बुजलाय. सेलड्राइव्ह (हलमधून थेट खाली पाण्यात उतरणारा पंख्याचा पाय) असेल तर हलमधल्या रबरी पडद्याचं वय विचारा. व्होल्वो पेंटा तो दर सात वर्षांनी बदलायला सांगते आणि त्यासाठी इंजिन सरकवावं लागतं.

१३. बिल्जमध्ये (फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत) थोडं पाणी आहे. काळजी करावी का?

त्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावा (डिझेल-तेलाचा तवंग नसेल तर). खारट असेल तर शाफ्टची (पंख्याच्या दांड्याची) सील, तोट्या किंवा कीलचे बोल्ट. गोडं असेल तर डेक, हॅच, मास्ट किंवा फुटकी टाकी. एका थेंबात शोधाची दिशा ठरते.

१४. वायरिंग आणि गॅसचं काय?

वायरचं टोक सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर ती वायर गेली. जुन्या बोटीत बहुधा सगळंच नव्याने करावं लागतं. गॅस सिलिंडर केबिनमध्ये ठेवलेला आढळला तर तो आधी बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड, बिल्जमध्ये साचतो. सिलिंडरला बाहेर निचरा होणारा वेगळा कप्पाच हवा.

१५. विकणाऱ्याकडे गेल्या वर्षीचा सर्व्हे रिपोर्ट आहे. तो पुरेल ना?

नाही. सर्व्हेअर ज्याने पैसे दिले त्याला उत्तरदायी असतो, आणि विम्यासाठी केलेला रिपोर्ट खरेदीसाठीच्या तपासणीइतका खोल नसतो. तुम्ही स्वतः नेमा, बोट बाहेर काढायला लावा आणि त्या दिवशी त्याच्या मागे मागे फिरा. रिपोर्टमधलं 'तपासता आलं नाही' हे वाक्य जिथे जिथे येईल त्याखाली रेघ मारा.

१६. भारतात कोणते कागद बघायचे?

बोट परदेशातून आलेली असेल तर सर्वांत आधी बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम ड्युटी भरल्याचा पुरावा. परदेशी झेंड्याखाली आलेली आणि इथेच राहिलेली बोट 'कागद होतील नंतर' म्हणून विकतात. ते नंतर होत नाहीत आणि ड्युटीचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो. मग मालकीची पूर्ण साखळी: आजच्या मालकापर्यंतची सगळी विक्रीपत्रं. नोंदणी, विमा, मूरिंग (पाण्यात बोट बांधायची जागा) आणि यार्डाची थकबाकी नसल्याचं पत्र. २६/११ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे, त्यामुळे हलवरचं नाव आणि नंबर कागदांशी जुळलेच पाहिजेत.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. व्हीएचएफ रेडिओचा परवाना आणि ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं यंत्र) जुन्या मालकाच्या नावावर असतात. भारतीय जहाजाचा एमएमएसआय (रेडिओवरचा ओळख क्रमांक) ४१९ ने सुरू होतो. परदेशी कोड असलेला ईपर्ब तुम्ही संकटात दाबलात तर चौकशी दुसऱ्याच देशातून, दुसऱ्याच माणसाकडे सुरू होईल. भारतात ईपर्बची नोंद इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात होते. विक्रीपत्रावर सही झाली की त्याच आठवड्यात नाव बदला.

१७. मी ब्रिटनमध्ये (किंवा अमेरिकेत) राहतो. तिथे वेगळं काय?

तपासणी तीच, कागद वेगळे. ब्रिटनच्या लहान बोटींच्या नोंदवहीतली, म्हणजे भाग तीनमधली नोंद मालकी सिद्ध करत नाही. विक्रीपत्रांची साखळी आणि व्हॅट भरल्याचा पुरावा मागा. अमेरिकेत कोस्ट गार्डकडे नोंदलेली बोट असेल तर तिच्यावर कर्ज आहे का ते टायटलच्या उताऱ्यात दिसतं. तिथे नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींवर मागच्या बाजूला उजवीकडे बारा अक्षरांचा हल नंबर असतो. तो कागदाशी ताडून बघा. आणि ग्रेट लेक्समध्ये आयुष्य गेलेली बोट मिळाली तर धातूची झीज कमी असते, पण डेक (प्रश्न ४) तितकाच तपासा. तिथे पाऊस आणि बर्फ दोन्ही गोडंच.

१८. चाचणीला समुद्रात गेल्यावर काय करायचं?

मुंबईत ऑक्टोबर ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा भरतो, ती वेळ धरा. बारा-पंधरा नॉट वाऱ्यात दोन्ही बाजूंना बोट झुकवा आणि एकाला आत पाठवा. झुकल्यावर दारं अडकू लागली किंवा भिंती करकरल्या तर हल वाकतोय. वाऱ्याखालची तार जराशी सैल होणं ठीक, लोंबकळायला लागली तर मास्टचं बूड किंवा त्याखालचा आधार खचलाय. रीफ घ्या (शीड आवळून लहान करा), प्रत्येक विंचवर जोर लावा. मालक म्हणाला "ते नंतर दाखवतो", तर ते आत्ताच बघा.

१९. पाच वर्षं यार्डात पडून असलेली बोट फुकट देतायत. घेऊ?

आधी बोटीवर झाकण होतं का ते विचारा. ताडपत्रीखाली, हॅच किंचित उघडं ठेवून, निचऱ्याचा बूच काढून ठेवलेली बोट पाच वर्षांनीही घेण्यासारखी असू शकते. उघड्यावर, बूच लावून ठेवलेल्या बोटीत पाच पावसाळ्यांचं पाणी भरून राहिलेलं असतं: इंजिन बुडालेलं, भिंतींचं प्लायवूड कुजलेलं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आत शिरल्यावर भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ शोधा. ती इंजिनच्या वर असेल तर फुकटसुद्धा महाग आहे.

ती रेघ नसेल तर प्रश्न ४, ७ आणि ८ त्या क्रमाने करा. तिन्हीत बोट उत्तीर्ण झाली तर यार्डाचं थकलेलं भाडं कोण भरणार ते लेखी घ्या, तारा-शिडं-तोट्या नवीन धरून खर्च मांडा आणि तेवढीच रक्कम आणखी बाजूला ठेवा. एवढं करूनही आकडा झेपत असेल तर पुढच्या मेच्या आत तिच्यावर ताडपत्री घाला.